शिकारी, हरणं आणि अकरा टक्के

गेल्या नोव्हेंबरात माझ्या आतेभावाचा फोन आला. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. म्हणाला, "अरे, आज शॉपफ्लोअरवर निम्मी माणसं गायब. सगळी हरणं मारायला गेलीत." मला वाटलं नेहमीसारखी फेकतोय. पण नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तिथे बंदुकीने हरणं मारायचा मोसम सुरू होतो आणि तो नऊ दिवस चालतो. राज्यभर साडेपाच-सहा लाख माणसं भडक नारिंगी जाकिटं घालून जंगलात उतरतात. नारिंगी यासाठी की, एकाने दुसऱ्याला हरीण समजून गोळी घालू नये. (२०१६ पासून भडक गुलाबी रंगही चालतो. कायदा करून!)

मी तेव्हा घरी होतो. आमचं गाव राधानगरी तालुक्यात. फोन स्पीकरवर होता आणि आबा शेजारी बसून ऐकत होते. आबांची आदली रात्र माळ्यावर गेलेली, कारण गव्यांचा कळप दोन दिवसांपासून ओढ्यापलीकडच्या उसात होता, आणि डुकरं तर रोजचीच. त्यांनी एकच विचारलं, "आणि तिथला फॉरेस्टवाला काय करतोय मग?"

दादा म्हणाला, "मामा, फॉरेस्टवालाच परवाना देतोय. वर पैसे घेतोय."

आबा काही बोलले नाहीत, पण चहा तसाच ठेवून ते ऐकत राहिले. तिथून माझ्या डोक्यात हा किडा शिरला. सबमिशनच्या दिवसांत अभ्यास सोडून बाकी सगळं वाचायला माणसाला जो उत्साह येतो, त्या उत्साहात मी हे वाचलं. ज्याला प्राणी मारायचाय तोच प्राणी वाचवा म्हणून मोर्चे काढतो, कर भरतो, सरकारच्या मागे लागतो, हे आपल्याला पटत नाही. मलाही पटत नव्हतं. आजही सगळं पटलेलं नाही. पण यंत्रणा म्हणून ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

सुरुवात अर्थातच नासधुशीने झाली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बायसन कोट्यवधी होते. १८८० च्या दशकाच्या शेवटी काही शेकडे उरले. पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर अब्जावधींच्या थव्यांनी उडायचं. त्यातली शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली आणि जात संपली. हे काम हौशी शिकाऱ्यांपेक्षा जास्त केलं ते बाजारासाठी मारणाऱ्यांनी. रेल्वे आली, बर्फात घालून माल पाठवता येऊ लागला, शहरातल्या हॉटेलांना बदकं हवी होती. होडीवर तोफेएवढी बंदूक बसवायची आणि एका बारात पाण्यावर बसलेला अख्खा थवा झोपवायचा. विस्कॉन्सिनमधली टर्की तर १८८१ पर्यंत संपलीच होती.

याविरुद्ध पहिला आवाज उठवला तो शिकाऱ्यांनीच. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट (तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष नव्हता) आणि 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' मासिकाचा संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी बून अँड क्रॉकेट क्लब काढला. त्यांचं म्हणणं दुहेरी होतं. एक, शिकारीचं मांस बाजारात विकणं बंद करा. दोन, शिकार करायचीच तर प्राण्याला निसटायची संधी ठेवून करा. याच रूझवेल्टने १९०२ मध्ये मिसिसिपीत झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र निघालं आणि त्यातून 'टेडी बेअर' खेळणं आलं. (अस्वल वाचलं असं समजू नका. ते जखमी होतं, त्याला नंतर मारावंच लागलं. खेळण्याच्या खोक्यावर हे छापत नाहीत.) १९०० मध्ये लेसी कायदा आला, एका राज्यात बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं गुन्हा ठरलं. १९१८ मध्ये स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा झाला.

इथे एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडेही शिकाऱ्यांनी जंगलं राखली, पण ते शिकारी राजे होते. आमच्या वरचं दाजीपूरचं जंगल कोल्हापूर संस्थानचं राखीव शिकारीचं रान. १९५८ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. भरतपूरलाही तसंच. तिथे १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. आपल्याकडे शिकार म्हणजे महाराजांची मालमत्ता, रयतेने हाका घालायचा. अमेरिकेत उलट भूमिका घेतली गेली: रानातला प्राणी कुणा जमीनमालकाचा नाही, तो सगळ्या जनतेचा, आणि राज्याने विश्वस्त म्हणून सांभाळायचा. कारखान्यातला फिटर आणि कारखान्याचा मालक यांना परवाना एकाच दराने. म्हणून तिथे शिकाऱ्यांची संख्या मोठी झाली, आणि लोकशाहीत संख्या मोठी झाली की मागणीला वजन येतं.

आता पैशाकडे येऊ. मला स्वतःला हाच भाग सगळ्यात हुशारीचा वाटला.

१९३० च्या दशकात मंदी होती, त्यात दुष्काळ. तळी आटली, बदकं घटली. १९३४ मध्ये कायदा झाला की, सोळा वर्षांवरच्या ज्या कुणाला बदकांची शिकार करायची आहे, त्याने दरवर्षी सरकारी तिकीट विकत घ्यायचं. पहिल्या तिकिटाचं चित्र 'डिंग' डार्लिंग या नावाजलेल्या व्यंगचित्रकाराने काढलं. गंमत म्हणजे तेव्हा तोच केंद्राच्या वन्यजीव खात्याचा प्रमुख होता. किंमत एक डॉलर. २०१५ पासून पंचवीस डॉलर. या पैशातले शंभरातले अठ्ठ्याण्णव थेट पाणथळ जमिनी घ्यायला किंवा राखायला जातात. आजवर साठ लाख एकरांच्या आसपास जमीन अशी राखली गेली. त्या तळ्यांवर जे पक्षी उतरतात, त्यातल्या बहुतेकांना कुणी मारतही नाही.

त्याहून मोठी गोष्ट १९३७ ची. बंदुकांवर आणि काडतुसांवर आधीपासूनच अबकारी कर होता, तो सरकारी तिजोरीत जायचा. शिकारी संघटनांनी मागणी केली की हा कर रद्द करू नका, उलट तो फक्त वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवा. 'आमचा कर ठेवा' म्हणणारी माणसं तुम्ही कधी पाहिलीत का? सिनेटर पिटमन आणि प्रतिनिधी रॉबर्टसन यांच्या नावाने कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के. पुढे १९७० च्या दशकात पिस्तुलं (१० टक्के) आणि धनुष्यबाणही आत आले. कर कारखानदार भरतो, म्हणजे शेवटी गिऱ्हाईकच. पैसा राज्यांना वाटताना निम्मा हिस्सा राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मा परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर. राज्याने चार आणे घातले की केंद्र बारा आणे देतं. आणि खरी मेख पुढेच आहे: ज्या राज्याला हा पैसा हवा, त्याने आधी स्वतःचा कायदा करायचा, की शिकार परवान्याची फी वन्यजीव खात्याबाहेर एक सेंटसुद्धा वळवणार नाही. रस्त्याला नाही, पुतळ्याला नाही. वळवलीत तर केंद्राचा पैसा बंद. २०२२ आणि २०२३ मध्ये या एका कायद्याखाली वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम वाटली गेली.

या पैशाने काय झालं? टर्कीचंच घ्या. सुरुवातीला पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की रानात सोडून बघितल्या, त्या टिकल्या नाहीत. मेसच्या जेवणावर वाढलेल्याला रानात सोडल्यासारखंच ते. मग १९५० च्या दशकात युक्ती निघाली: दाणे टाकायचे, बाजूला जाळं घडी करून लपवायचं, रानटी टर्की जमल्या की छोट्या तोफांनी जाळं त्यांच्यावरून उडवायचं. धरलेल्या रानटी टर्की दुसऱ्या राज्यात नेऊन सोडायच्या. विस्कॉन्सिनला १९७६ मध्ये मिसुरी राज्याकडून २९ टर्की मिळाल्या, बदल्यात विस्कॉन्सिनने रफ्ड ग्राउस नावाचे रानपक्षी धाडले. चक्क देवाणघेवाण! त्या इतक्या वाढल्या की १९८३ मध्ये तिथे टर्कीचा मोसमही सुरू झाला.

हरणांचं तर जास्तच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सबंध देशात काही लाख उरलेली पांढऱ्या शेपटीची हरणं आज तीन कोटींच्या घरात आहेत. म्हणजे एका टप्प्यावर प्रश्न उलटा झाला. वाचवायची कशी हा प्रश्न संपून आवरायची कशी हा सुरू झाला. कारण लांडगे आणि कुगर आधीच मारून संपवलेले. उरला एकच शिकारी, नारिंगी जाकीटवाला.

आवरायचं तर आधी मोजायला हवं. दहा हजार हरणं जंगलात, ती काही रोल नंबर सांगत नाहीत. विस्कॉन्सिनने अनेक दशकं जी पद्धत वापरली, तिचं नाव 'सेक्स-एज-किल'. आपल्याला थर्मोडायनॅमिक्समध्ये स्टेडी स्टेट शिकवतात ना, तेच तत्त्व.

मारलेलं प्रत्येक हरीण नोंदवणं शिकाऱ्यावर बंधनकारक आहे. पूर्वी नोंदणी केंद्रावर न्यावं लागायचं, २०१५ पासून फोनवर किंवा इंटरनेटवर नोंद होते. केंद्रावर खात्याची माणसं जबडा उघडून वय बघायची. दीड वर्षाच्या हरणाची तिसरी पुढची दाढ अजून दुधाची असते, तिला तीन उंचवटे. पक्की आली की दोन. बस्स, एवढ्यावर दीड वर्षाचा आणि त्याहून मोठा असे गट पडतात.

आता समजा (आकडे माझे आहेत, हिशोब समजावा म्हणून), एका जिल्ह्यात १००० मोठे नर मारले गेले आणि त्यातले ६०० दीड वर्षाचे निघाले. संख्या स्थिर असेल तर दरवर्षी जेवढे नवे नर भरती होतात तेवढेच मरतात. म्हणजे नव्यांचं प्रमाण ६० टक्के, तर वार्षिक मृत्युदरही ६० टक्के. आता सगळेच काही गोळीने मरत नाहीत. काही गाडीखाली, काही थंडीत. समजा मृत्यूंपैकी ८० टक्के नोंदलेल्या शिकारीचे. म्हणजे ०.६ गुणिले ०.८, बरोबर ०.४८. म्हणजे मोसमाआधी जेवढे नर होते त्यांपैकी ४८ टक्के मारले गेले. १००० भागिले ०.४८, सुमारे २०८० नर. नरामागे दोन माद्या धरल्या तर ४१६०, मादीमागे एक पाडस धरलं तर आणखी ४१६०. एकूण दहा हजार चारशे. एकही हरीण जिवंत न मोजता!

यात गोची कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेलच. ८० टक्क्यांऐवजी ७० धरले तर उत्तर बारा हजारांच्याही जवळ जातं. शिवाय संख्या स्थिर नसेल, किंवा शिकाऱ्यांनी लहान नर सोडून द्यायची फॅशन काढली, तर सगळं गणित डळमळतं. शिकारी आणि खातं यांची वर्षानुवर्षं भांडणं होतात ती याच आकड्यांवरून. "तुमच्या कागदावर हरणं आहेत, माझ्या मचाणासमोर नाहीत." हे वाक्य दादाने त्याच्या फोरमनच्या तोंडून ऐकलंय. आपल्याकडच्या पंचनाम्यांत याच्या बरोबर उलटं वाक्य ऐकू येतं.

आणि हे भांडण जुनं आहे. अल्डो लिओपोल्ड हा माणूस वन्यजीव व्यवस्थापनाचा आद्य गुरू. १९३३ मध्ये त्याचं 'गेम मॅनेजमेंट' पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो विस्कॉन्सिन विद्यापीठात या विषयाचा प्राध्यापक झाला. स्वतः पक्का शिकारी. तरुणपणी लांडगे मारलेला आणि नंतर त्याचा पश्चात्ताप झालेला. १९४० च्या दशकात त्याने सांगितलं की, उत्तरेकडच्या जंगलात हरणं इतकी वाढलीत की ती उपाशी मरतायत आणि झाडांची नवी रोपं खाऊन जंगलाचा सत्यानाश करतायत. तेव्हा माद्याही मारा. शिकाऱ्यांची परंपरा काय? फक्त शिंगवाला नर मारायचा, मादीवर बंदूक उचलणं म्हणजे पाप. १९४३ मध्ये माद्यांसाठी मोसम उघडला, एकूण सव्वा लाखाहून जास्त हरणं पडली आणि लोक खवळले. लिओपोल्डविरुद्ध खास एक वृत्तपत्र निघालं. तो काही मागे हटला नाही. १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या रानातला वणवा विझवताना हृदयविकाराने गेला, तोवर या प्रश्नावर तो जवळजवळ एकटा होता.

म्हणजे 'परंपरा राखा' आणि 'प्राण्यांचं व्यवस्थापन नीट करा' या दोन मागण्या एकाच माणसाच्या तोंडी असल्या तरी त्या नेहमी एका दिशेला जात नाहीत. १९९६ पासून राज्याने काही भागांत नियम आणला: आधी एक मादी मारून दाखवा, मग नराचा परवाना. संख्या आवरायला हा नियम फार प्रभावी ठरला आणि लोकांना तितकाच नावडता. २०११ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. मधे २००२ मध्ये तिथल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगट हरणाचं मांस खाऊ नका असं सांगतात. खात्याने त्या भागातली हरणं जवळजवळ संपवायची मोहीम काढली. शिकाऱ्यांनी आणि जमीनमालकांनी साथ दिली नाही, मोहीम फसली आणि रोग पसरत गेला.

तरीही भांडायची जागा त्यांनी ठरवून ठेवलीय, हे मला आवडलं. १९३४ पासून तिथे 'कॉन्झर्व्हेशन काँग्रेस' आहे. दर वसंतात, एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी, ७२ च्या ७२ जिल्ह्यांत एकाच संध्याकाळी सभा. कुणीही यावं, नियमांवर मत द्यावं, प्रतिनिधी निवडावेत. आता इंटरनेटवरही मत देता येतं. मत सल्ल्यापुरतंच, पण कायद्याने मान्य. कधी कधी भलतंच होतं. २००५ मध्ये प्रश्न आला की भटक्या मांजरी पक्षी खातात, तर त्यांनाही मारायला मोकळीक द्यावी का? ५७ टक्के लोक हो म्हणाले! देशभर गदारोळ झाला आणि गव्हर्नरने विषयच मिटवला.

परंपरा कुणाची, हाही प्रश्न आहेच. ओजिब्वे या मूळ रहिवाशांनी १८३७ आणि १८४२ च्या तहांत जमिनी दिल्या, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. राज्याने तो मानलाच नाही. १९८३ मध्ये कोर्टाने मानला, तेव्हा ओजिब्वे भाल्याने मासे मारायला तळ्यावर गेले की गोरे मच्छीमार आणि शिकारी किनाऱ्यावर जमून शिव्या द्यायचे, दगड मारायचे. हीच 'आमची परंपरा वाचवा' म्हणणारी माणसं. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये एका शिकारी संघटनेने कोर्टात जाऊन लांडग्यांचा मोसम उघडायला लावला. कोटा ११९ चा होता; तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. ओजिब्वेंनी आपल्या वाट्याचा कोटा मारण्यासाठी वापरलाच नाही, लांडगा त्यांच्यात भाऊ मानतात. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय कोर्टाने लांडग्याचं संरक्षण परत आणलं. शिकारी संघटनांचं साहित्य वाचाल तर यातलं काही सापडत नाही. तिथे सगळा १९३७ चाच गौरव.

बाकी दादा सांगतो ते वेगळंच. त्याच्या फोरमनच्या केबिनमध्ये आजोबांच्या काळापासूनचा जुना फोटो आहे, लाकडी खोपटापुढे पाच माणसं. आता त्यातल्या घरात एकटाच जातो, मुलगा शहरात आणि नातवाला थंडी सोसत नाही. हे देशभर आहे. २०१६ च्या सरकारी पाहणीत शिकारी सव्वा कोटीच्याही खाली, लोकसंख्येच्या पाच टक्क्यांच्या आत आले होते. परवाने कमी म्हणजे खात्याचा पैसा कमी, आणि हरणं आवरायला माणूसही कमी. ११ टक्क्यांचा पैसा टिकलाय कारण शिकार न करणारेही बंदुका घेतात. प्राण्यांच्या भल्याचा पैसा बंदुकांच्या खपावर अवलंबून असणं मला तरी बरं वाटत नाही.

सुट्टीत हे सगळं मी आबांना सांगितलं. आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे, १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवाने कायमचे गेले, आणि ते परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. आपल्या जंगलात वाघ-बिबटे आहेत, आपली माणसं जंगलाला चिकटून राहतात, इथे सहा लाख बंदुका म्हणजे विचारच नको. आबांनाही गवा मारायचा नाहीये. गवा म्हटलं की ते अजून हात जोडतात. पण एक गोष्ट ऐकून ते सरसावून बसले. विस्कॉन्सिनमध्ये पिकाचं नुकसान झालं तर भरपाई मिळते, आणि ती शिकार परवान्यावरच्या छोट्या अधिभारातून आणि ज्यादा हरणांच्या परवान्यांच्या पैशातून. म्हणजे ज्याला हरीण हवंय त्याने हरणाने खाल्लेल्या मक्याचे पैसे द्यायचे. अट एवढीच की शेतकऱ्याने रानात शिकाऱ्यांना येऊ द्यायचं.

आबा म्हणाले, "आमच्याकडं गवा बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येत्यात. त्येंच्या तिकिटातनं द्या की मग."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यात वनखात्याच्या लोकांना विचारून बघणार आहे, की जंगलाच्या कडेच्या गावांत गवे नक्की किती रात्री उसात असतात याची नोंद शेतकऱ्यांकडूनच घेता येईल का. तारीख, गट नंबर, किती जनावरं, एवढंच. वरच्या हरणांच्या गणिताचं एक्सेल शीट मी करून ठेवलंय, त्यात ८० टक्क्यांच्या जागी वेगवेगळे आकडे टाकून उत्तर कसं पळतं ते बघता येतं. ज्यांना हवं त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन सी-ब्लॉकला माझ्या रूमवर यावं. रात्री दहानंतर. चहा तुमचा.